मधल्या आवाजाची हेळसांड

रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घटवणे हाच त्याच्या पहिल्या शोधाचा विषय. आपल्या महाराष्ट्रात मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या, खिडक्यांची तावदाने थरथरवणाऱ्या स्पीकरांच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' अशी घोषणा प्रशासनाला द्यावी लागते आणि २०१८ साली विसर्जन मिरवणुकांच्या तोंडावर या भिंतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाते. गोंगाटाच्या वैऱ्याचेच नाव गोंगाटाला चिकटावे, असा अर्थविपर्यास भाषेच्या इतिहासात विरळाच. मराठीच्या अभ्यासकांनी तो अर्थांतराचा नमुना म्हणून टिपून ठेवावा आणि पुढे जावे, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे पुढे जाता येत नाही. कारण ज्या मनोवृत्तीने रस्त्यावर ही भिंत उभी केली, तीच मनोवृत्ती आता घराच्या दिवाणखान्यात शिरली आहे. तेथे तिचा बळी गेला आहे तो शब्दाचा.

आमचा मुद्दा एका वाक्यात सांगतो. घरोघरी जे 'होम थिएटर' बसवले जाते, त्यात संवाद वाहून नेणारा मधला स्पीकर हा सर्वात महत्त्वाचा असूनही तो सर्वात शेवटी, सर्वात कमी पैशात आणि डाव्या-उजव्या जोडीशी काहीएक मेळ न पाहता घेतला जातो. हा केवळ खरेदीतला गाफीलपणा नाही. नादापुढे शब्दाला दुय्यम मानण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिचाच हा पुरावा आहे.

ज्यांचा या यंत्रांशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा. 'पाच पूर्णांक एक' अशी जी संख्या खोक्यावर छापलेली असते, तिचा अर्थ समोर तीन स्पीकर, श्रोत्याच्या बाजूला किंवा मागे दोन, आणि खर्जासाठी एक स्वतंत्र पेटी. समोरच्या तिघांपैकी डावा व उजवा यांच्याकडे मुख्यतः संगीत, वारा, पाऊस, रस्त्यावरची वाहने असे बाहेरचे जग असते. मधल्याकडे माणसे असतात. चित्रपटातील संवादांचा बहुतांश भाग या एकाच स्पीकरातून येतो. पात्र बोलत असते तेव्हा आपण पडद्याकडे पाहत असतो, पण ऐकत असतो ते पडद्याखालच्या त्या आडव्या पेटीला.

ही मधली जागा कोणा विक्रेत्याची कल्पना नव्हे. बोलपट जन्मला तेव्हा पडद्यामागे जो कर्णा असे, तो मधलाच. कुमारसेन समर्थांचा 'शिर्डीचे साईबाबा' हा १९५५ सालचा मराठी चित्रपट ज्यांनी त्या काळी पाहिला, त्यांच्यापर्यंत साईंचे बोल आणि टाळांचा गजर एकाच वाटेने पोचले. जत्रेतल्या तंबूत तर तो आवाज फाटकाही असे, पण माणूस आणि त्याचा आवाज एकाच ठिकाणी असत. पुढे आवाज पडद्याच्या रुंदीभर पसरला, तेव्हाही मध्य सुटला नाही. १९३३ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले, ते तीन वाहिन्यांतून : डावी, मधली, उजवी. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला, तेव्हाही रुंद पडद्यामागे हेच तीन होते. चांगल्या चित्रपटगृहात पडद्याला बारीक छिद्रे असतात आणि त्यामागे तीन एकसारखे स्पीकर एकाच उंचीवर उभे असतात. 'एकसारखे' हा येथे कळीचा शब्द. घरातल्या दूरचित्रवाणीला छिद्रे पाडता येत नाहीत, म्हणून मधला स्पीकर आडवा करून खाली सरकवला गेला. ती तडजोड होती. आपण तडजोडीलाच तत्त्व समजून बसलो आणि मध्ये काहीही चालते, असे ठरवून टाकले.

संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात नादाची तीन लक्षणे दिलेली असतात : लहानमोठेपणा, उंचनीचता आणि जात. त्याच उंचीचा व तेवढाच मोठा षड्ज सारंगीतून आला की बासरीतून, हे आपल्याला जे ओळखू देते ती नादाची जात. माणसाच्या बाबतीत जात पाहणे आम्हाला मान्य नाही, आणि शिर्डीच्या भूमीवर तर ते कोणालाच शोभत नाही. स्पीकरच्या बाबतीत मात्र ती पाहिल्याविना गत्यंतर नाही. कारण तिघांपैकी मधल्याचा आवाज मोठा-लहान करणे यंत्राच्या एका कळीने जमते. त्याची जात बदलणे कळीच्या हाती फारसे नाही. उंच आवाजासाठी डाव्या-उजव्यात रेशमी घुमटाचा छोटा स्पीकर आणि मधल्यात धातूचा. मध्यम आवाजासाठी त्यांच्यात सहा इंची कागदी शंकू आणि याच्यात तीन इंची प्लास्टिकचा, असा संसार थाटला, की गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्यावर येऊन निराळीच गाडी होते. गाडीचे काही बिघडत नाही. पण डावीकडच्या दारातून बोलत आत आलेली आई खोलीच्या मध्यावर पोचताच परकी बाई होते, तेव्हा नाट्य बिघडते.

कीर्तनाचे उदाहरण घ्या. वारकरी कीर्तनात बुवा मध्ये उभे असतात, मागे आणि दोन्ही बाजूंना टाळकरी. बुवा चरण सोडतात आणि टाळकरी तो उचलून धरतात. बुवांची पट्टी काळी चार असताना टाळकऱ्यांनी काळी एक धरली, तर पहिल्याच ध्रुपदाला मंडपातली म्हातारी माणसेही मान वर करून पाहतील. तेथे आपला कान इतका जागा असतो. मग तोच कान घरी येऊन, मधल्याचा एक सूर आणि बाजूच्यांचा दुसरा अशा बेबनावापुढे रोज संध्याकाळी तीन तास मुकाट्याने कसा बसतो?

आमच्या एका मित्राने 'वाङ्मयाच्या माणसांनी या तारांच्या जंजाळात पडू नये' असा सल्ला दिला. त्याला आमचे उत्तर असे की, हा प्रश्न मुळात वाङ्मयाचाच आहे. त्यातही खास मराठीचा आहे. आपण वर्गात शिकवतो की मराठीत च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत. 'जग' म्हणजे विश्व, तेव्हा ज तालव्य. 'जग' म्हणजे 'जगत राहा', तेव्हा तो दंततालव्य. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडेसे, यांतला भेदही तोच. लिपी हा भेद दाखवत नाही; तो केवळ कानाला कळतो. आणि कानाला तो कळतो तो मुख्यतः घर्षणाच्या उंचीवरून : तालव्य ध्वनीतले घर्षण साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपास जोर धरते, दंततालव्यातले त्याहून बरेच वर. ल आणि ळ, न आणि ण यांचेही तसेच. जीभ मूर्धेकडे वळली की आवाजातला तिसरा अनुनाद खाली उतरतो, आणि ही हालचाल होते ती दोन ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. आता योगायोग पाहा. बहुसंख्य साध्या स्पीकरांत मोठ्या शंकूने काम थांबवायचे आणि छोट्याने उचलायचे, तो सांधा नेमका याच पट्ट्यात असतो. स्वस्त मधल्या पेटीत हा सांधा निष्काळजीपणे घातलेला असेल, तर आपल्या ळ-ण-च-ज यांनाच आधी धक्का बसतो. ज्या भाषेचे सौंदर्य अशा बारकाव्यांवर उभे आहे, तिच्या भाषकांनी मधला स्पीकर 'पॅकेजबरोबर फुकट आला' म्हणून लावावा, ही उदासीनता नव्हे तर काय?

'सैराट' (२०१६) हे या बाबतीत बोलके उदाहरण ठरावे. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, याचे कौतुक आपण सर्वांनी केले. करावेच. पण त्या चित्रपटाने महाराष्ट्राला जे दिले ते करमाळ्याकडच्या बोलीचे अस्सल, न विसळलेले उच्चार. वाद्यवृंद डाव्या-उजव्यात होता; बोली मध्ये होती. आपण घरी आणून ज्या संचावर तो पाहिला, त्यावर वाद्यवृंद दुमदुमला आणि आर्चीची बोली मात्र डब्यातून बोलल्यासारखी ऐकू आली असेल, तर आपण चित्रपटाचे निम्मे अंग पाहिले. आणि त्याचा दोष आपण सवयीने कोणाला देतो? नटांच्या अस्पष्ट उच्चारांना. मग मराठी माणूस मराठी चित्रपटाखाली इंग्रजी उपशीर्षके लावून बसतो आणि त्याला त्यात वावगे वाटत नाही.

याची झळ सर्वाधिक कोणाला बसते, हे कोणी पाहत नाही, म्हणून ते मुद्दाम सांगितले पाहिजे. वय वाढते तशी श्रवणशक्ती आधी वरच्या पट्टीतली जाते. म्हणजे व्यंजने आधी हरवतात, स्वर नंतर. घरातल्या आजीला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, तो यामुळे. त्यात बसण्याच्या व्यवस्थेत मधली जागा घरातल्या कर्त्याची आणि आजीची जागा कोचाच्या टोकाला. आता त्या आडव्या पेटीकडे पाहा. तिच्यात बहुधा मध्ये एक छोटा स्पीकर आणि दोन्ही अंगांना दोन मोठे शंकू असतात. दोन शंकूंमध्ये पस्तीस सेंटीमीटर अंतर असेल, आणि आजी अडीच मीटर लांब व मध्यापासून एक मीटर बाजूला बसल्या असतील, तर दोन शंकूंचे आवाज त्यांच्यापर्यंत सुमारे तेरा सेंटीमीटरच्या फरकाने पोचतात. त्यामुळे तेराशे हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खोडतात. तेराशे हर्ट्झ म्हणजे मानवी बोलण्याचा ऐन मध्य. मध्ये बसलेल्या कर्त्याला सारे स्वच्छ ऐकू येते आणि टोकाच्या आजीच्या वाट्याला भोक पडलेले वाक्य येते. तिने 'काय म्हणाला रे तो?' असे विचारले, की घर म्हणते, 'आजीला ऐकू येत नाही.' आजीच्या कानांची तक्रार अर्धी खरी असेल. उरलेली अर्धी त्या पेटीची आहे, आणि ती कोणी ऐकून घेत नाही.

शिर्डीच्या संदर्भात हे सारे अधिक टोचते, कारण हे गाव शब्दांवर उभे आहे. दिवसातून चार आरत्या, आणि त्या मुख्यतः मराठी. आंध्र-तेलंगणातून आलेली कुटुंबे तेलुगू लिपीत छापलेल्या पुस्तिका हाती धरून तुकोबांचे मराठी शब्द म्हणतात. मराठीला असा मान दुसऱ्या कोणत्या गावात रोज मिळत असेल, आम्हाला ठाऊक नाही. दासगणू महाराजांची साईसच्चरितातली कथा सर्वश्रुत आहे. अंगरखा, उपरणे, फेटा असा जामानिमा करून ते कीर्तनाला निघाले, तेव्हा बाबांनी या नवरदेवाच्या थाटाबद्दल त्यांना टोकले. तेव्हापासून गणू उघड्या अंगाने, हाती चिपळ्या आणि गळ्यात हार एवढ्यावर उभे राहिले. थाट उतरला आणि शब्द उरला. या कथेची पारायणे करणाऱ्या घरांत पुरुषभर उंचीचे दोन चकचकीत स्तंभ डावी-उजवीकडे नवरदेवासारखे उभे असतात आणि शब्द मात्र खालच्या खणात, सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी कोंबलेला असतो.

समाधी मंदिरातील दर्शन आणि आरत्या आता घरबसल्या थेट पाहता येतात, आणि दूरगावची असंख्य घरे त्या पाहतात. तो आवाज दोन वाहिन्यांचा असला, तरी संचातले यंत्र दोन्हींतला समान भाग वेगळा काढून मधल्याकडे पाठवू शकते, आणि बहुतेक घरांत त्याला तसे सांगून ठेवलेले असते. म्हणजे चित्रपट असो वा आरती, शब्द पुन्हा त्याच उपेक्षित पेटीच्या पदरी पडतो. टाळ झणझणतात, घंटा खणखणते, आरतीचा चरण मात्र गुळगुळीत होऊन येतो.

२०२२ च्या मे महिन्यात भोंग्यांचा वाद राज्यभर पेटला, तेव्हा शिर्डीतली रात्रीची शेजारती आणि पहाटेची काकड आरती ध्वनिक्षेपकाविना झाली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा त्या वेळी सर्वांना एकदम आठवली. त्या वादात पक्ष अनेक होते, पण सर्वांचा प्रश्न एकच होता : आवाज किती मोठा? आवाज किती स्पष्ट, हे ना मागणाऱ्याने विचारले ना रोखणाऱ्याने. आपली सारी ध्वनिचर्चा नादाच्या पहिल्या लक्षणापाशी, लहानमोठेपणापाशी, अडकून पडली आहे. दुकानातही तेच. खोक्यावर 'पी.एम.पी.ओ.' म्हणून हजारो वॉट छापलेले असतात. हा आकडा क्षणिक उसळीचा असून यंत्राच्या नित्य ताकदीशी त्याचा संबंध नाममात्र असतो. तरी त्यावर खरेदी होते. आम्ही एका दुकानात 'मधला याच मालिकेतला मिळेल का?' असे विचारले, तेव्हा विक्रेत्याने आम्हाला आधी खर्जाची पेटी वाजवून दाखवली आणि मग विचारले, 'सर, मधल्यातनं काय, नुसतं बोलणंच येतं ना?' त्या एका 'नुसतं'मध्ये आमचा सारा लेख आला.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे विचारात घेऊ. पहिला आक्षेप असा की आजची यंत्रे सूक्ष्मग्राहक लावून खोलीचे मोजमाप घेतात आणि तिन्ही आवाज आपोआप जुळवून देतात. ती पातळी जुळवतात, अंतराचा हिशेब करतात, चढउतारही काही प्रमाणात सपाट करतात, हे खरे. पण आडव्या पेटीतून कोचाच्या टोकाकडे जाणाऱ्या आवाजाला पडलेले भोक त्यांना बुजवता येत नाही. टोकासाठी भरले तर मध्यावर उंचवटा येतो. दुसरा आक्षेप : हल्ली चित्रपटांचे ध्वनिमिश्रणच असे असते की संवाद बुडतात. हाही काही अंशी खरा आहे. परंतु मुळातच दबलेला शब्द ज्याच्या हाती येणार, तो वाहक आणखी दुबळा असावा, असे यातून कसे निघते? तिसरा आक्षेप : साउंडबारने हे सारे इतिहासजमा केले. चांगल्या साउंडबारमध्ये निदान डावे-मधले-उजवे एकाच घरचे असतात, एवढा त्याचा गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. छोट्या खोलीत भिन्न जातींच्या पाच पेट्या मांडण्यापेक्षा तो बरा.

चौथा आक्षेप गंभीर आहे : ही सारी श्रीमंतांची चैन. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. उधळपट्टी डाव्या-उजव्या स्तंभांवर आणि खर्जाच्या पेटीवर होते. आम्ही जे सुचवतो त्याला बहुधा कमी पैसे लागतात. समोरचे तिन्ही एकसारखे घ्यावेत. उंच स्तंभांऐवजी फळीवर मावणारे तीन छोटे, एकाच घडणीचे स्पीकर हे सर्वोत्तम, आणि जागा असेल तर मधलाही उभाच ठेवावा. ते जमले नाही तर मधला त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला घ्यावा; केवळ नाव एक असून भागत नाही, उंच आवाजाचा घटक तोच हवा. आडवा घ्यायचाच तर ज्यात मध्यम व उंच आवाजाचे घटक एकावर एक बसवले आहेत, असा शोधावा. त्यात टोकाच्या माणसावरचा अन्याय पुष्कळ कमी होतो. मधला कपाटाच्या खणात खोल न सरकवता फळीच्या कडेशी आणावा आणि कानाच्या दिशेने किंचित उचलून ठेवावा. ऐंशी हर्ट्झखालचा भार खर्जाच्या पेटीकडे द्यावा, म्हणजे छोट्या स्पीकरांना दम लागत नाही. आणि यांपैकी काहीच शक्य नसेल, तर विजोड मधला लावूच नये. डावा आणि उजवा समान आवाज देतात तेव्हा मध्ये बसलेल्याला तो मधूनच आल्याचा भास होतो. हा भास सर्वांगसुंदर नाही, टोकाच्या माणसाला तो जवळच्या पेटीकडे खेचला गेलेला वाटतो, पण एक किंवा दोन माणसांच्या घरात तो विजोड शेजाऱ्यापेक्षा प्रामाणिक असतो.

शेवटी एक तक्रार आपल्याच बिरादरीविषयी. मराठीत चित्रपटसमीक्षा भरपूर लिहिली जाते. छायालेखनावर परिच्छेद असतात, संकलनावर एखादे वाक्य असते, संगीतावर पान असते. संवादांची समीक्षा ते जणू छापील पुस्तकात वाचले असावेत अशी होते. बोललेला शब्द कसा मुद्रित झाला, कोठून ऐकू आला, त्यातला ळ शाबूत राहिला की नाही, याविषयी चकार शब्द नाही. समीक्षकालाच कान नसेल तर विक्रेत्याने तो का ठेवावा? भाषेच्या ऱ्हासावर परिसंवाद भरवणाऱ्या मंडळींनी एकदा घरी जाऊन आपल्या दिवाणखान्यातल्या त्या आडव्या पेटीसमोर, मध्ये नव्हे तर कोचाच्या टोकाला, बसून एखादा मराठी चित्रपट डोळे मिटून ऐकावा. पात्र डावीकडून मध्ये आले की त्याचा आवाज बदलतो का? 'जग' कोणते, हे कळते का? शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा विचारावे लागते का? लागत असेल, तर यंत्राचा आवाज वाढवण्याची कळ दाबण्याआधी मधली पेटी बदलावी, नाहीतर काढून टाकावी.